फुटू द्या की परीक्षानळ्या!

मंडळी, आजचा वीकेंडचा लेख जरा चिडून लिहिलेला आहे. आधीच सांगितलेलं बरं.

थंडी सुरू झाली की दोन प्रकारच्या मेल्स हमखास येतात. पहिली ऑफिसातून, 'ग्रामीण शाळांसाठी सायन्स किट डोनेशन ड्राइव्ह'. माणशी एवढे एवढे रुपये, पावती मिळेल, टॅक्सात सूट मिळेल, टी-शर्टही मिळेल. दुसरी मेल (हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर) मुलं शाळेत असलेल्या मित्रांकडून फॉरवर्ड होऊन येते, 'होमी भाभा प्रॅक्टिकल स्पेशल बॅच, मर्यादित जागा'. पहिली मेल गरीब पोरांसाठी, दुसरी आपल्या पोरांसाठी. वरवर पाहता दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण गेली काही वर्षं या दोन्ही बघून माझं ठाम मत झालंय की रोग एकच आहे. प्रयोग हा खोक्यात मिळतो, ही समजूत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ १९८१ पासून डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेतं, सहावी आणि नववीच्या मुलांसाठी. आधी लेखी परीक्षा, त्यातून वर आलेल्यांची प्रात्यक्षिक परीक्षा, त्यातूनही पुढे गेलेल्यांचा प्रकल्प आणि मुलाखत, मग पदकं. १९८१ साली शाळकरी मुलांच्या स्पर्धेत 'हाताने करून दाखव' असा टप्पा घालणारी माणसं द्रष्टी होती, याबद्दल मला काडीची शंका नाही. बाकी बहुतेक परीक्षा गोल काळे करण्यात खूष असताना या लोकांनी टेबल मांडलं. माझं भांडण त्यांच्याशी नाही. भांडण आहे ते त्या टेबलापर्यंत पोचण्याच्या तयारीचा जो धंदा झालाय त्याच्याशी, आणि तो धंदा आपल्या जिवावर चालतो म्हणून आपल्याशी.

एका सहकाऱ्याच्या मुलाची अशा बॅचची वही मी पाहिली. क्लासचं नाव सांगत नाही, सगळे सारखेच असतील. वही देखणी होती. चाळीसेक प्रयोग, प्रत्येकाची आकृती, कृती, आणि तक्त्यात शेवटचा रकाना, 'अपेक्षित निरीक्षण'. मी त्या रकान्याकडे बघतच बसलो. अहो, निरीक्षण अपेक्षित कसं असेल? अपेक्षित असतो तो अंदाज. निरीक्षण म्हणजे जे दिसलं ते. टेबलापाशी जायच्या आधीच दिसायचं काय ते ठरलेलं असेल, तर डोळे घरी ठेवून गेलं तरी चालेल.

हा रकाना काही क्लासवाल्यांनी शोधलेला नाही, त्यांनी फक्त त्याचं छापील पुस्तक केलं. सरल दोलकाचा प्रयोग आठवा. दोरा, खाली गोळा, झोके मोजायचे, आणि त्यावरून गुरुत्व त्वरण काढायचं. माझ्या अख्ख्या वर्गाचं उत्तर ९.८ आलं होतं. साठ जण, साठ दोरे, सगळे ९.८! जगातल्या कुठल्याही मानमंदिराला हेवा वाटावा अशी अचूकता चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका दुपारी. गंमत म्हणजे त्या दिवशी दोलक टांगलेच नव्हते. आदल्या वर्षीचं जर्नल फिरत होतं.

आता हाच प्रयोग खरा करून बघा. मीटरभर दोऱ्याच्या एका झोक्याला (म्हणजे जाऊन परत यायला) साधारण दोन सेकंद लागतात. घड्याळाचं बटण दाबताना आपला हात ०.२ सेकंद तरी मागे-पुढे होतो. एकच झोका मोजलात तर दोन सेकंदांत ०.२, म्हणजे दहा टक्क्यांची चूक. सूत्रात वेळेचा वर्ग येतो, त्यामुळे उत्तरात ती वीस टक्क्यांच्या घरात जाते. वीस झोके मोजले तर तीच ०.२ सेकंदांची चूक चाळीस सेकंदांत वाटली जाते. अर्धा टक्का. उत्तरात एक टक्का. प्रयोगात शिकायचं असतं ते एवढंच, की वीस झोके का मोजायचे. ९.८ हा आकडा तर पुस्तकात आहेच, तो शोधायला दोरा कशाला टांगायचा? प्रामाणिक पोराचं उत्तर ९.६ येईल, १०.१ येईल. आणि आपल्याकडे मार्क त्याचेच कापतात.

(आयटीवाल्यांनी हसू नये. टेस्ट फेल होतेय म्हणून टेस्टच कॉमेंट करून 'बिल्ड हिरवा आहे' असं क्लायंटला कळवणारा फ्रेशर आपल्या प्रत्येक टीममध्ये असतो. तो कंपनीत बिघडत नाही. तो जर्नल पूर्ण करून आलेला असतो. ह. घ्या.)

दहावीला विज्ञानाचे ४० अधिक ४० लेखी आणि २० प्रात्यक्षिक-अंतर्गत. बारावीला ७० आणि ३०. कागदावर हे प्रमाण वाईट नाही. आंतरराष्ट्रीय फिजिक्स ऑलिम्पियाडमध्ये लेखी ३० आणि प्रयोग २० असतात, केमिस्ट्रीत ६० आणि ४०. म्हणजे प्रयोगाला जग जे महत्त्व देतं त्याच्या जवळपास आपणही देतो. पण आपले २० म्हणजे वीसच! १९ मिळाले तर पालक शाळेत विचारायला येतात. जे मार्क सगळ्यांनाच मिळणार आहेत त्यांच्यासाठी कुलूप कोण उघडेल?

कुलूप हा शब्द मी उगाच वापरला नाही.

मी मूळचा चंद्रपूरकडचा असल्यामुळे दोन वर्षांपूर्वी अशाच एका किट-वाटप टीमबरोबर मला जावं लागलं. ड्रायव्हर, दुभाष्या आणि 'तिकडे नक्षलवादी दिसतात का रे' या प्रश्नाचं उत्तर देणारा असा तिहेरी रोल. गडचिरोली जिल्ह्यातली एक आश्रमशाळा. ज्यांनी नकाशातही हा जिल्हा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९८२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला, सत्तर टक्क्यांच्या आसपास जंगल असलेला. उत्तरेकडच्या वडशापासून दक्षिणेला सिरोंच्यापर्यंत एवढा लांब पसरलेला की सिरोंच्याहून जिल्ह्याच्या गावी यायला दोनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता. भामरागड तर पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तुटतंच. बऱ्याच पोरांच्या घरी गोंडी नाहीतर माडिया. शाळेत मराठी शिकायची, आणि मराठीतून परत 'चंचुपात्र' आणि 'शंकुपात्र' शिकायचं. (चंचुपात्र! बीकरला चोच असते म्हणून. शब्द गोड आहे, पण पोराने बीकर हातात धरल्यावर गोड आहे.)

तर आम्ही किट दिलं. फोमच्या खाचांत बसवलेल्या परीक्षानळ्या, लोहचुंबक, भिंगं, छोटा मायक्रोस्कोप. फोटो झाले. मग सरांनी किट ठेवायला कपाट उघडलं, आणि आत अशीच आणखी दोन किटं होती. एकावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. टीमची तोंडं पाहण्यासारखी झाली. आमच्यातल्या एकाने जरा तिरकसच विचारलं, "सर, वापरत का नाही?" सरांनी उत्तर दिलं ते मी जसंच्या तसं देतो. "फुटली तं भरून कोन देईन? ऑडिटवाला मलेच विचारते ना भाऊ."

परतीच्या रस्त्यात गाडीत सरकारी शिक्षकांवर यथेच्छ तोंडसुख घेण्यात आलं. मला मात्र सरांचं म्हणणं शंभर टक्के पटलं होतं. शाळेत आलेली वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते. चढली की ती दिसली पाहिजे. फुटली तर निर्लेखनाचा प्रस्ताव, शेरे, सह्या, आणि साहेबाच्या प्रश्नाला उत्तर. वस्तू न वापरल्याबद्दल मात्र कुणी कधी नोटीस काढल्याचं ऐकलंय? म्हणजे व्यवस्थेने सरांपुढे दोन बटणं ठेवलीत. एक दाबलं तर त्रास, दुसरं दाबलं तर काहीच नाही. तुम्ही-आम्ही कुठलं दाबलं असतं? प्रॉडक्शन सर्व्हरचा पासवर्ड आपण ज्युनियरला देतो का?

आणि आपण काय करतो, तर त्या रजिस्टरमध्ये आणखी एका महागड्या वस्तूची भर घालून येतो. मायक्रोस्कोप जितका भारी, कुलूप तितकं घट्ट.

त्याच दुपारी व्हरांड्यात पोरं घुटमळत होती. खेळ म्हणून खांबाला सुतळी बांधून दगड टांगला, मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि नववीच्या एका मुलीला झोके मोजायला सांगितले. तिने तीनदा मोजले. पहिला आकडा बाकी दोघांपेक्षा बराच वेगळा आला. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "तो धरू नका सर, सोडताना धक्का लागला होता. चौथ्यांदा मोजते." तिने पहिला आकडा खोडलाही नाही. तसाच ठेवून बाजूला 'धक्का' असं लिहिलं आणि चौथा घेतला.

क्लासच्या त्या देखण्या वहीत हे एका पानावर नव्हतं. आणि हीच मुलगी उद्या स्पर्धेच्या टेबलाशी उभी राहिली तर 'या उपकरणाचे नाव लिहा' यावर अडकणार, कारण ते उपकरण ज्या कपाटात आहे त्याची किल्ली सरांच्या खिशात आहे. तिच्याआधी सोळाशे रुपयांचं प्रॅक्टिस किट घरी असलेलं पोर पुढे जाणार. मग आपण म्हणणार, टॅलेंट शहरात आहे.

टॅलेंटचं राहू द्या. मोजमाप करायला काय लागतं याची जगाने दखल घ्यावी अशी उदाहरणं याच दोन जिल्ह्यांत आहेत, आणि आपल्याला ती ठाऊक असून दिसत नाहीत.

डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'चं काम सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पुरस्कार, भाषणं वगैरे. पण त्यांचं 'श्वासमापक' किती जणांना माहीत आहे? लहान मुलांना न्यूमोनिया झालाय का हे गावातल्या माणसाला ओळखता यावं, तर मिनिटाला श्वास किती हे मोजावं लागतं. मोजणाऱ्या सुईणीला पन्नास-साठपर्यंत अंक मोजण्याची सवय नाही. आता शहाणा माणूस काय म्हणेल? आधी साक्षरता वर्ग काढा. यांनी एका मिनिटाची वाळूची घडी घेतली आणि जोडीला ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर मूल आजारी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठ श्वासांची मर्यादा, त्याहून मोठ्याला पन्नासची, म्हणून मण्यांच्या ओळी दोन. झालं उपकरण! पुढे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा नवजात बालकांवरचा प्रसिद्ध अभ्यास आला. ३९ गावांत गावातल्याच बायकांना बाळाचं वजन करायला, ताप बघायला, श्वास मोजायला, गरज पडली तर इंजेक्शन द्यायला शिकवलं होतं. नवजात मृत्यूंचं प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आलं. प्रात्यक्षिक परीक्षा याहून अवघड कुठली असते? चुकलं तर मार्क जात नाहीत, बाळ जातं. त्या बायका पास झाल्या, कारण त्यांच्याकडून रोज, खऱ्या बाळावर, पुन्हा पुन्हा करून घेतलं होतं.

दुसरं उदाहरण चंद्रपूरचं. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन तुटपुंजी. १९८३ साली त्यांना आपल्या धानात (पुण्यातल्या मंडळींनो, धान म्हणजे भात) तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, बी राखलं, पुढच्या हंगामात वेगळं लावलं, जनावरांपासून जपलं, पुन्हा निवडलं, पुन्हा लावलं. असं काही वर्षं. त्यातून जो बारीक तांदूळ आला त्याला एचएमटी घड्याळांवरून नाव पडलं. आपण दुकानात 'एचएमटी द्या' म्हणतो तो हाच. पुढे कृषी विद्यापीठाने त्यातूनच 'पीकेव्ही-एचएमटी' काढला, श्रेयावरून वाद झाला, त्यांना २००५ साली राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला, आणि २०१८ मध्ये ते गेले. हे सगळं बातम्यांतून येऊन गेलंय. मला त्यातला फक्त पहिला भाग हवाय. वेगळं दिसलं ते त्यांनी 'अपेक्षित नाही' म्हणून धानात मिसळून टाकलं नाही. क्लासच्या वहीत त्या तीन लोंब्यांना रकाना नसता.

आणि प्रयोगाला साहित्य नाही म्हणता? या भागात धानाचं बी पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाकायची शिफारस आहे. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. पोचट दाणे तरंगतात, भरलेले बुडतात. घनतेचा यापेक्षा सुंदर प्रयोग कुठल्या किटमध्ये आहे ते दाखवा. मीठ थोडं थोडं वाढवत न्या, किती दाणे तरंगले ते मोजा, आलेख काढा, दोन वाणांची तुलना करा. नववीचं पोर आठवडाभर गुंतून राहील. हळदीच्या कागदावर धुण्याच्या सोड्याचं पाणी टाका, लाल होईल, वर लिंबू पिळा, परत पिवळा. बांबूची पट्टी घेऊन तिच्यावर खुणा करायला लावा. स्वतः खुणा केलेल्या पोराला लघुतम माप म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. वहीच्या एका पानाची जाडी मोजायला सांगा आणि गप्प बसा. शंभर पानं एकत्र मोजून भागायचं, हे कुणाला तरी सुचतंच. ज्याला सुचेल त्याला पदक द्या.

'पण हे मोठ्या प्रमाणावर, परीक्षेत, कसं जमणार?' हा प्रश्न मला नेहमी विचारतात. जमलेलं आहे हो. १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत किशोर भारती आणि फ्रेंड्स रुरल सेंटर यांनी प्रयोगातून विज्ञान सुरू केलं. पुढे ते जिल्हाभर गेलं, जिल्ह्याबाहेरही गेलं. आठवीच्या परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची मुभा, आणि शिवाय प्रयोग करून दाखवायचा! सरकारी शाळा, सरकारी मास्तर. अरविंद गुप्तांच्या काड्या आणि व्हॉल्व्हट्यूबच्या खेळण्यांचं मूळही तिथलंच. सरकारने २००२ मध्ये ते बंद केलं. पण तीस वर्षं चाललेल्या गोष्टीला 'अशक्य' म्हणायचं असेल तर शब्दकोश बदलावा लागेल. आपल्याकडेही होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सत्तरच्या दशकात जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या आसपासच्या साध्या शाळांत काम केलंच होतं. ऑलिम्पियाडच्या मुलांना प्रयोगाचं ट्रेनिंग मिळतं ते केंद्र हेच, मानखुर्दचं.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. शिक्षकच कमी असतील, एका सराकडे विज्ञान, गणित आणि वसतिगृहाचा हिशेब असेल, तर सुतळी आणि दगडसुद्धा भिंतीला टेकूनच राहतील. खरं आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही आणि किटवाल्यांकडे तर नाहीच. पण निदान ज्या सरांना करायचंय त्यांच्या पायातली बेडी तरी काढा.

स्पर्धा घेणाऱ्या सगळ्यांनाच एक विनंती. टेबलावर कोणत्या वस्तू असतील ते महिनाभर आधी जाहीर करा. प्रश्न सांगू नका, वस्तू सांगा, आणि त्या तालुक्याच्या बाजारात मिळतील अशा ठेवा. उपकरणांची नावं विचारू नका, ती लेखीत विचारून झालेली असतात. पोराच्या कच्च्या आकड्यांना मार्क द्या. तीनदा मोजलं का, विचित्र आकडा लपवला की लिहिला. उत्तर पुस्तकाशी जुळलं म्हणून अर्धा मार्कसुद्धा जास्त नको. आणि पोरांना हजार किलोमीटर बोलावण्यापेक्षा टेबलच पाठवा. सुतळी, दगड, मीठ, वाटी आणि तराजू एका काळी-पिवळीच्या टपावर आरामात बसतात. वर चार सवारी घेऊन.

आणि आता आपण, पगारदार मंडळी. यंदा ती मेल आली की किट घेऊ नका. पैसे द्यायचेच असतील तर फुटायला द्या. एखाद्या शाळेला वर्षाच्या सुरुवातीला ठरावीक रक्कम, जी फक्त फुटलेल्या, सांडलेल्या, हरवलेल्या वस्तूंसाठी आहे. आणि वर्षाअखेर सरांना एकच प्रश्न, 'काय काय फुटलं?' काहीच फुटलं नसेल तर पुढच्या वर्षी पैसे नाहीत. परीक्षानळी एका कटिंग चहाच्या किमतीत येते. वर्षाला शंभर फुटल्या तरी आपल्या एका टीम-लंचचं बिल त्याहून जास्त असतं. फोटो मात्र चांगला येणार नाही, काचांचा फोटो कोण टाकतो?

आम्ही पाच जणांनी गेल्या जूनपासून त्या आश्रमशाळेशी हे सुरू केलंय. सरांना फोन करून म्हटलं, काय लागेल त्याची यादी पाठवा, स्वस्तातलंच लिहा. दोन दिवसांनी वहीच्या पानाचा फोटो आला. परीक्षानळ्या ५०, स्पिरिटच्या दिव्याच्या वाती, सुतळीचे दोन गुंडे, मीठ, साधे तराजू ३. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या शाईने, 'कपाटाची दुसरी किल्ली (नववीच्या मॉनिटरकडे)'.